तिसरा भाग आणि फरदड

आज जरा भांडायचा विचार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

विषय आहे 'वायुपुत्रांची शपथ'. अमीश त्रिपाठीच्या शिवावरच्या तीन कादंबऱ्यांमधली शेवटची. पहिली 'मेलुहाचे मृत्युंजय' इंग्रजीत २०१० साली आली, दुसरी 'नागांचे रहस्य' २०११ साली आणि ही तिसरी फेब्रुवारी २०१३ मध्ये. तिन्ही मराठीतही आल्या आणि आमच्या वऱ्हाडात, म्हणजे अकोला-अमरावतीकडे, ज्यांनी कॉलेज सुटल्यावर कादंबरी हातात धरली नव्हती अशा लोकांनीही त्या वाचल्या. आता दशक उलटून गेलंय. पण अजूनही चार वाचक जमले आणि हा विषय निघाला की पहिल्या दोन भागांबद्दल सगळे एका सुरात बोलतात आणि तिसऱ्यावर फाटतं. "तिसऱ्यात माती केली" असं म्हणणारा निदान एक तरी असतोच, आणि त्याचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

माझं मत बरोबर उलटं आहे. तिसरा भाग हाच या मालिकेचा खरा भाग आहे, पहिले दोन त्याची पूर्वतयारी आहेत. शेवट मात्र मला पटत नाही, पण त्याचं कारण बाकीचे देतात ते नाही. का ते सांगतो. आधी इशारा: ज्यांनी वाचलं नाहीये आणि वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. शेवटासकट सगळं सांगणार आहे.

ज्यांना वाचायचंच नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. तिबेटातल्या एका टोळीचा नायक शिव मेलुहा नावाच्या राज्यात येतो. मेलुहा म्हणजे सूर्यवंशींचं शिस्तशीर, नियमानं चालणारं राज्य. तिथे त्याला सोमरस पाजतात, त्याचा गळा निळा होतो, आणि लोक म्हणतात, आला, नीलकंठ आला, आता हा दुष्टाचा नाश करणार. मग प्रश्न एवढाच उरतो की दुष्ट कोण? पहिल्या भागात वाटतं चंद्रवंशी. युद्ध होतं, ते हरतात, आणि मग कळतं की तेही आपल्यासारखीच माणसं आहेत. दुसऱ्या भागात वाटतं नाग. शिव त्यांचा माग काढत दंडकारण्यातून गोदावरीकाठच्या पंचवटीत पोचतो (नाव ऐकून नाशिक आठवलं ना? पुस्तकात ती नागांची गुप्त राजधानी आहे). तिथे त्याला जिवंत दिसतो बृहस्पती, मेलुहाचा मुख्य शास्त्रज्ञ, जो पहिल्या भागातच मेला असं सगळे धरून चालले होते. दुसरा भाग तिथेच संपतो. पुढची दीड वर्षं वाचक टांगलेला.

तिसऱ्या भागात बृहस्पती तोंड उघडतो आणि सांगतो की दुष्ट म्हणजे कोणी माणूस नाही, कोणता वंशही नाही. दुष्ट म्हणजे सोमरस. तोच सोमरस, जो पिऊन मेलुहाचे लोक शंभरी ओलांडूनही तरुण राहतात.

आता लोकांची मतं. माझ्या ओळखीतल्या चार वाचकांची देतो. चारही माणसं खरी आहेत, नावं कोणाचीच देत नाही, नाहीतर दिवाळीला घरी जाणं अवघड होईल :-)

पहिला, अमरावतीचा मावसभाऊ. राजापेठेत दुकान आहे, एरवी वाचतो ते फक्त बिलं. पण दुसऱ्या भागाच्या त्या शेवटानं याची झोप उडाली होती. तिसऱ्यावर त्याचं मत असं: "अबे, दुसऱ्याच्या शेवटी काय झटका देल्ला होता! अन् तिसऱ्यात पाह्यतो तं हा बृहस्पती शाळा घेऊन रायला. आमी का परीक्षेले बसलो होतो? फरदड हाय निरी." हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

दुसरी, अकोल्याची चुलतबहीण. शाळेत मराठी शिकवते. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' यांच्यावर वाढलेली. तिला मुळात भाषाच खटकते. देवाच्या तोंडी कॉलेजकट्ट्यावरची भाषा का, हा तिचा पहिल्या भागापासूनचा प्रश्न. पण सतीच्या मृत्यूपाशी तीही हलली. "शांततेच्या बोलणीसाठी म्हणून बोलावलं आणि मारेकरी घातले. तिथे मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलंच नाही रे. आणि उघडलं तर पुढे काय, तर सूड! एवढी मोठी बाई गेली, आणि लेखकाला सुचलं काय, तर अस्त्र."

तिसरा, माझा पुण्यातला जुना रूममेट, कोल्हापूरचा. त्याचं म्हणणं सरळ: "लढाया एक नंबर. मधली भाषणं काढली असती तर पुस्तक दोनशे पानांनी कमी झालं असतं आणि लय भारी झालं असतं."

चौथे, माझे काका. अकोट तालुक्यात शेती, कापूस आणि तूर. मराठी प्रत मीच नेऊन दिली होती. रानडुकरांच्या राखणीला रात्री शेतात जागलीला जायचे, तिथे बॅटरीच्या उजेडात तिन्ही भाग वाचून काढले. पहिल्या दोनांवर काही बोलले नाहीत. तिसरा झाल्यावर मला विचारलं, "बाबू, हा लेखक कोन्या गावचा हाय?" म्हटलं, काका, मुंबईचा, आधी बँक-इन्शुरन्समध्ये होता. तर म्हणाले, "मंग त्याच्या घरी कोनी तरी कापूस पेरला असन."

तर ही चार मतं. तीन विरोधात, एक बाजूनं, आणि ते एक मत मला बाकी तिन्हींपेक्षा वजनदार वाटतं. पण त्याआधी फरदड.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. कपाशीची लागवड जूनच्या पावसावर होते, दिवाळीच्या आगेमागे सीतादही करून वेचणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत मुख्य वेचण्या आटपतात. त्यानंतर खरं म्हणजे पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करायचं. पण विहिरीला पाणी असेल आणि भाव बरा असेल तर मोह होतो. त्याच झाडांना पुन्हा पाणी द्यायचं, थोडं खत टाकायचं, आणि मार्चपर्यंत अजून एक-दोन वेचे काढायचे. ही फरदड. कापूस निघतो, नाही असं नाही. पण धागा आखूड, प्रत हलकी, कवडी जास्त. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उभ्या झाडावर बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामासाठी जिवंत राहते. फरदडीचं नुकसान या वर्षी दिसत नाही, पुढच्या वर्षी दिसतं.

लांबलेल्या मालिकेला याहून नेमका शब्द मला कुठल्याच भाषेत सापडलेला नाही. मावसभावाला सलाम. फक्त त्यानं तो चुकीच्या पुस्तकाला लावला.

फरदड कशाला म्हणायचं? माझी कसोटी सोपी आहे. या भागात जे उगवतंय त्याचं बी आधी पेरलेलं होतं का? की जुन्याच झाडाला पाणी देऊन अजून काही निघतं का ते पाहणं चाललंय?

खऱ्या फरदडीची जगप्रसिद्ध उदाहरणं आहेत. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका घ्या. १९९० साली सुरू झाली, चौदा खंड. त्यातला दहावा खंड, २००३ सालचा 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', वाचकांनी अक्षरशः धुतला. कारण नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्याचा मोठा भाग ती घटना घडत असताना बाकीची पात्रं कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. म्हणजे शेकडो पानं वाचून घड्याळ जवळपास तिथेच. पुढे २००७ साली जॉर्डन गेले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन खंड लिहिले. त्यातला अखेरचा आला जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे आपल्या 'शपथे'च्या एक महिना आधी. दुसऱ्या माणसानं येऊन पीक काढलं, पण काढलं.

खुद्द अमीशच्याच पुढच्या मालिकेतही मला फरदडीचा वास येतो. रामावरचं पुस्तक २०१५ साली, सीतेवरचं २०१७ साली, रावणावरचं २०१९ साली. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या बाजूनं सुरू होतात आणि तिन्ही सीतेच्या अपहरणापाशी येऊन थांबतात. कल्पना म्हणून छान आहे. पण वाचकाच्या बाजूनं बघा: चार वर्षांत तीन पुस्तकं विकत घेतली आणि तिसऱ्याच्या शेवटी मी पहिल्याच्याच शेवटाला उभा. पुढे काय झालं ते सांगणारा चौथा भाग २०२२ साली आला. तोवर पहिलं काय होतं तेच अर्धे लोक विसरले होते.

'वायुपुत्रांची शपथ' या कसोटीला लावून बघा. सोमरस कुठे येतो? पहिल्या भागाच्या अगदी सुरुवातीला. तो प्यायल्यानंच तर गळा निळा होतो. ज्या वस्तूनं नायकाला देव केलं तीच वस्तू तिसऱ्या भागात दुष्ट ठरते. पहिल्या भागात बृहस्पती कौतुकानं सोमरसाचं शास्त्र समजावून सांगतो, तिसऱ्यात तोच त्याचा हिशोब मांडतो. नागांची विकृत शरीरं, ब्रंगा देशातली महामारी, आटत चाललेली सरस्वती, हे सगळे धागे आधीच्या भागांत मोकळे सोडलेले होते. तिसऱ्यात एकेक करून त्यांना गाठ बसते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे नवीन फीचर नव्हे, पहिल्या रिलीजपासून आत असलेला बग आहे, फक्त तो प्रॉडक्शनमध्ये दिसायला दोन व्हर्जन गेली. ही फरदड नाही. ही मुख्य वेचणी आहे.

आता "शाळा घेतली" या आक्षेपाकडे येऊ. बृहस्पतीचा हिशोब असा: सोमरस बनवायला सरस्वतीचं अफाट पाणी लागतं. बनवताना जहाल विषारी मळी तयार होते. ती कुठे टाकायची? मेलुहानं ती दूर तिबेटात, त्सांगपो नदीच्या थंडगार पाण्यात सोडली, तिथे ती निरुपद्रवी होईल म्हणून. पण त्सांगपो हीच पुढे वळून ब्रह्मपुत्रा होते, आणि ब्रंगाचे लोक तेच पाणी पितात. म्हणजे पिणारा एकीकडे शंभर वर्षं तरुण, आणि किंमत मोजणारा शेकडो कोस दूर, ज्यानं सोमरस कधी चाखलाही नाही. सोमरस आधी चांगलाच होता. तो कोणी वाईट हेतूनं बनवला नव्हता. अति झाला, सगळे त्याच्यावर अवलंबून राहिले, आणि चांगल्याचं वाईट झालं.

मावसभावाला ही शाळा वाटली. काकांना ही स्वतःच्या शेताची गोष्ट वाटली. का ते बघा.

नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीनं कपाशीवाल्यांना रडवलं होतं. फवारे मारून माणूस थकायचा, अळी थकायची नाही. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. झाडातच अळीला मारणारं प्रथिन. फवारे कमी झाले, बोंडं भरली, काही वर्षं खरोखरच बरी गेली. २००६ साली दोन जनुकांचं सुधारित बियाणं आलं. बघता बघता जवळजवळ सगळं कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं.

या बियाण्यासोबत एक अट होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगर-बीटी सरकीचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या अळ्यांच्या पतंगांशी जुळले की पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. उत्तम विचार. पण स्वतःच्या शेताच्या कडेला अळीसाठी मुद्दाम पीक कोण लावणार? बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं. वर फरदड. एकेकाचा निर्णय एकेकट्याच्या जागी अगदी शहाणपणाचा होता. सगळ्यांचे मिळून निर्णय एकत्र झाले आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली. फूल बाहेरून न उमललेल्या गुलाबासारखं दिसतं, त्याला डोमकळी म्हणतात, आणि आत अळी बसलेली असते. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत काळं. शेतकऱ्यांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवले. त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीनं पंप पाठीवर घेऊन गेलेलेही होते.

आता कोणी म्हणेल, हा बीटीला विष म्हणतोय. नाही हो. सोमरसाच्या मळीसारखं बीटी विष नाही, आणि अमेरिकन बोंडअळीवर ते उपयोगी पडलं हे सरळ सरळ मान्य करायला पाहिजे. साम्य वेगळ्या ठिकाणी आहे. चांगली वस्तू, सगळ्यांनी, सगळीकडे, अटी न पाळता वापरली की ती कोणत्या वर्षी उलटते हे कोणालाच कळत नाही. आणि उलटते तेव्हा ती ज्याच्यावर उलटते तो फायदा घेणारा असेलच असं नाही. कादंबरीतल्या नदीच्या त्या लांबलचक धड्यातली गोष्ट हीच आहे. हा धडा काढून टाकला तर लढाया उरतील, पण त्या कशासाठी हे उरणार नाही.

आणि युद्धकथेत मध्येच शहाणपण सांगत बसणं ही काही अमीशनं आणलेली पद्धत नाही. महाभारताची अठरा पर्वं. दहाव्या पर्वापर्यंत मारामारी संपते. मग बारावं शांतिपर्व येतं, आणि ते सगळ्या पर्वांत मोठं आहे. शरपंजरी पडलेला भीष्म बोलतोय आणि युधिष्ठिर ऐकतोय: राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली, हजाराहून जास्त पोथ्या ताडून. त्यांनीही शांतिपर्व कंटाळवाणं आहे म्हणून गाळलं नाही! आमच्याकडचे, अचलपूरचे राम शेवाळकर महाभारतावर तासन् तास बोलायचे आणि लोक मांडी न मोडता ऐकायचे. ऐकणाऱ्याला लढाईच हवी असते हा समज खोटा आहे. लढाईनंतर काय, हे कोणी नीट सांगितलं तर लोक ऐकतात.

अर्थात अमीश म्हणजे व्यास नव्हे. अकोल्याच्या ताईचा भाषेवरचा आक्षेप मला बऱ्यापैकी मान्य आहे. बृहस्पती कधी कधी पॉवरपॉइंट लावल्यासारखा बोलतो. पण ती सांगण्याची उणीव झाली, सांगितलेल्या गोष्टीची नव्हे.

या भागातलं सगळ्यात चांगलं पात्र मात्र ना शिव, ना सती. ते आहे पर्वतेश्वर, मेलुहाचा सेनापती. शिवाचा निस्सीम भक्त. बृहस्पतीचं म्हणणं त्याला पटतं. सोमरस दुष्ट आहे हे तो मान्य करतो. आणि तरीही तो मेलुहाच्या बाजूनं लढायला जातो, कारण ते त्याचं राज्य आहे, त्याचं कर्तव्य तिथे आहे. त्याची बायको आनंदमयी त्याच्यासोबत जाते. मावसभाऊ म्हणतो, "येडा हाय का हा? मालूम हाय तरी तिकडेच चालला." पण मंडळी, जगात दुष्ट माणसं किती आणि पर्वतेश्वर किती, मोजून बघा. माझ्या काकांना २०१७ नंतर सगळं माहीत होतं. डोमकळी ओळखता येते, कामगंध सापळे लावलेत, फरदड घेत नाहीत. पण पुढच्या जूनला पुन्हा बीटीच पेरलं. विचारलं तर म्हणाले, "दुसरं काय पेरू सांग? सोयाबीनले भाव नाई, तुरीले मर लागते. अन् मी एकट्यानं सोडलं तं बाजूच्या वावरातली अळी का विचारून येते?" यात मूर्खपणा कुठे आहे? ज्या व्यवस्थेत आपण उभे आहोत ती बिघडली आहे हे कळूनही तिच्यातून एकट्यानं बाहेर पडता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. जुनी सिस्टिम सडलेली आहे हे अख्ख्या टीमला माहीत असतं, तरी सोमवारी येऊन तिच्यातच कोड लिहायचा असतो, कारण पगाराची बिलं तिच्यावर निघतात.

आणि म्हणूनच मला शेवट पटत नाही.

कादंबरी स्वतःच एक फार शहाणी गोष्ट सांगते: दुष्टाचा समूळ नाश करायचा नसतो, त्याला फक्त समीकरणातून बाजूला काढायचं असतं. कारण आजचं दुष्ट कधीतरी चांगलं होतं आणि पुढे कधी त्याची गरज लागेल सांगता येत नाही. वा! म्हणजे डिलीट करू नका, डिप्रिकेट करा. मग त्यासाठी काय करावं लागेल? सोमरसाशिवाय जगायला लोकांना शिकवावं लागेल. कारखाना टप्प्याटप्प्यानं बंद करावा लागेल. पर्वतेश्वरासारख्या हजारो प्रामाणिक लोकांना आपल्या बाजूला आणावं लागेल. हे कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि या शहाण्या पुस्तकाला ते झेपलं असतं.

त्याऐवजी सती मारली जाते, शिवाचा तोल जातो आणि देवगिरी राजधानीवर पाशुपतास्त्र पडतं. सोमरसाचा गुप्त कारखाना त्याच शहरात आहे, म्हणून कथेच्या दृष्टीनं हिशोब जुळतो. काही लोकांना बाहेर पडायची मुभा मिळते, काही स्वतःहून आत राहतात, त्यात पर्वतेश्वर आणि आनंदमयीही. रूममेटला हा शेवट जबरदस्त वाटला. ताईला हा निव्वळ सूड वाटला. मला वाटतं, दोघांनीही शिवाकडे बघितलं, प्रश्नाकडे कोणी बघितलं नाही. लेखकानं तीन पुस्तकं खर्चून सिद्ध केलं की दुष्ट म्हणजे कोणी माणूस नव्हे, ती एक सवय आहे, सगळ्यांची मिळून लागलेली. आणि मग शेवटी त्या सवयीचा निकाल लावला एका शहरावर अस्त्र टाकून. सवय अस्त्रानं मरत नाही. माणसं मरतात.

काकांना मी हे विचारलं होतं, की तुम्हाला शेवट कसा वाटला. ते म्हणाले, "शेवट चांगला हाय, पन आपल्या कामाचा नाई." पुस्तकावरचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. वऱ्हाडात कोणाकडेच पाशुपतास्त्र नाही. इथे फक्त डिसेंबरात पऱ्हाटी उपटणं आहे, तेही एका शेतात नाही, अख्ख्या शिवारात, सगळ्यांनी एका वेळी, हाताशी पाणी असताना आणि भाव चढलेला असताना. त्यात सती नाही, नीलकंठ नाही, चित्रपट निघेल असं काही नाही. पण खरा चौथा भाग तोच आहे, आणि तो कोणी लिहिलेला नाही.

थोडक्यात काय, तर तिसऱ्या भागाला नावं ठेवायचीच असतील तर जरूर ठेवा, पण तो फार बोलतो म्हणून नको. जिथे अजून थोडं बोलायला हवं होतं नेमका तिथेच तो गप्प होतो आणि बाण सोडतो, म्हणून ठेवा. आणि मालिकेचा पुढचा भाग हातात घेताना आधीच "फरदड" म्हणून मोकळे होऊ नका. बी कधी पेरलं होतं ते बघा, मग ठरवा.

असो. मावसभावाला हे पाठवणार आहे. तो मला दिवाळीत राजकमल चौकात गाठून काय काय बोलेल याची पूर्ण कल्पना आहे. तुम्हालाही भांडायचं असेल तर या, पण पुस्तक वाचून या :-)